कंपाउंड वाढवायचंय? आधी पाया उकरून बघा

एप्रिल-मे आला की माझ्याकडे येणारी निम्मी पत्रं कंपाउंडचीच असतात, पावसाच्या आत उरकून घ्यायची सगळ्यांना घाई. आणि प्रश्नही जवळपास तोच, आहे त्याच भिंतीवर अजून दोन-तीन फूट चढवले तर चालेल का. ह्या वेळी एवढे जमले की म्हटलं अख्खं सदर ह्याच विषयावर करून टाकू. काही पत्रं लांब होती, ती थोडी कापलीत, रागावू नका.

प्रश्न (धायरी, पुणे): नमस्कार सर. आमचं रो हाउस आहे, २००४ चं. पुढून आणि एका बाजूने ५ फुटाची विटांची भिंत आहे, प्लॉट कोपऱ्यावरचा. समोर आता सात मजली बिल्डिंग झालीय, त्यांच्या पार्किंगमधून थेट आमचा हॉल दिसतो आणि मागच्या महिन्यात गल्लीत दोन चोऱ्या पण झाल्या. मिस्त्री म्हणतो वर ३ फूट वीटकाम चढवतो, चार दिवसांचं काम, परमिशन वगैरे कोण विचारतंय. करू का?

उत्तर: कोण विचारतंय ते मी सांगतो, शेजारी विचारतो. महापालिकेचा माणूस गल्लीगल्लीत टेप घेऊन फिरत नाही हे खरंय, पण समोरच्या सोसायटीशी पार्किंगवरून एकदा वाजलं की पहिला अर्ज तुमच्या भिंतीवर पडतो आणि मग एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याची नोटीस हातात आली की मिस्त्री फोन उचलत नाही.

आता नियम. मुंबई महापालिका आणि एमआयडीसी, नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचा पट्टा), हिल स्टेशनच्या नगरपरिषदा अशी काही ठिकाणं सोडली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तुमचं पुणं त्यातच येतं. त्यात घराच्या कंपाउंडची भिंत १.५ मीटर म्हणजे साधारण ४ फूट ११ इंच, आणि २.४ मीटरपर्यंत जायचं असेल, म्हणजे पावणेआठ फुटाच्या थोडं वर, तर वरचे ०.९ मीटर उघड्या पद्धतीचे पाहिजेत, जाळी, ग्रिल, रेलिंग, ज्यातून आरपार दिसतं आणि वारा जातो असं काहीतरी. त्याहून जास्त काही करायचं तर खास परवानगी. शाळा, दवाखाने, कारखाने, वीज उपकेंद्रं ह्यांना २.४ मीटरपर्यंत परवानगी मिळू शकते, तेव्हा "पलीकडच्या शाळेची भिंत आठ फूट आहे मग माझी का नको" हा मुद्दा तिथे चालत नाही.

तुमचा प्लॉट कोपऱ्यावरचा आहे ना, मग अजून एक भानगड. जिथे दोन रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना १० मीटरपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, म्हणजे अडीच फूट, त्यावरचं ०.७५ मीटर रेलिंगचं. लोकांना हा नियम जाचक वाटतो पण वळणावर स्कूटरवाल्याला समोरून येणारी रिक्षा दिसली पाहिजे एवढाच त्याचा अर्थ. तुमची आत्ताची ५ फुटी भरीव भिंत कोपऱ्यापर्यंत तशीच आली असेल तर ती आजच नियमात बसत नाहीये, आणि वाढवायचा अर्ज केलात की हे आधी बाहेर येणार. घाबरायचं कारण नाही, पण माहीत असू दे.

अजून एक गंमत सांगतो जी मिस्त्री लोकांनाही माहीत नसते. उंची तुमच्या अंगणातून मोजत नाहीत, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजतात. आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी जुना थर न काढता वर नवीन डांबर टाकतात, रस्ता इंच इंच वर येतो, त्यामुळे २००४ ची पाच फुटी भिंत आज रस्त्यावरून साडेचार पण भरेल कदाचित. मोजून बघा, अर्धा फूट फुकटात मिळाला तर घ्या.

हे झालं कागदावरचं. मला खरी काळजी त्या "३ फूट वीटकाम" ह्या शब्दांची आहे. मोकळ्यावर उभी असलेली भिंत वाऱ्यापुढे टिकते ती स्वतःच्या वजनावर आणि पायाच्या रुंदीवर, तिला घरासारखा स्लॅब धरून ठेवत नाही की आडव्या भिंती आधार देत नाहीत. पाचाची आठ फूट केली की वजन होतं १.६ पट, पण वारा तिला ज्या जोराने बुडातून उलटवायला बघतो तो जोर उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अडीच पटीपेक्षा जास्त. वजन दीडपट आणि ढकलणं अडीचपट, हा व्यवहार तोट्याचा आहे. पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबई-नागपूरला ४४. ३९ ने गणित केलं तर भिंतीच्या दर चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास दाब येतो. मधे कॉलम नसलेली सरळ ९ इंची भिंत आठ फुटाची केली तर ह्या हिशोबाने ती नुसत्या वजनावर उभी राहू शकत नाही. साडेचार इंची असेल तर बोलायलाच नको. मग इतक्या उभ्या आहेत त्या कशा, असं विचाराल, तर तसा वारा अजून आलेला नाही म्हणून.

वारज्यात एका बंगल्यावर मला बोलावलं होतं, काम झाल्यावर, नेहमीप्रमाणे. जुन्या भिंतीचं कोपिंग, म्हणजे माथ्यावरचा काँक्रीटचा थर, न काढता त्याच्यावरच नवीन वीट लावलेली, खाली गुळगुळीत सिमेंट आणि त्यावर सुकलेलं शेवाळ, म्हणजे धरायला काही नाहीच. वरून प्लॅस्टर करून रंग दिलेला, एकदम झकास. मी तळहाताने वरचा भाग हलकेच दाबला तर तो हलणाऱ्या दातासारखा लागला, सांध्यावर केसाएवढी आडवी चीर, पार गेटपासून टोकापर्यंत. मालक म्हणाले प्लॅस्टरची असेल. मग बुडाशी एक फूट बाय एक फूट खड्डा घेतला. डबराचा पाया नऊ इंचावर संपला, खाली काळी माती, आणि पहार जवळजवळ स्वतःच्या वजनाने आत गेली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यावर नऊ इंचाचा पाया म्हणजे भिंत दर वर्षी थोडी थोडी डोलणारच. वरचे तीन फूट उतरवले आम्ही दुसऱ्याच दिवशी.

तर तुम्ही काय करा. पहिलं, मिस्त्रीला सांगा आधी दोन ठिकाणी पाया उघडून दाखव. पूर्ण लांबी उकरायची नाही हं, दोन छोटे खड्डे, बघून झाले की लगेच घट्ट भरायचे. दुसरं, ओळंबा लावा, भिंत आत्ताच बाहेर कलली असेल तर तिच्यावर काहीच चढवू नका. तिसरं, आरसीसीचे कॉलम आहेत का आणि किती अंतरावर. ८-१० फुटांवर कॉलम असतील, खाली बीम असेल, भिंत ओळंब्यात असेल, तर वर ग्रिल किंवा वेल्डमेशची जाळी करायला हरकत नाही, फक्त तिचे अँगल कॉलममध्ये धरले पाहिजेत. मधल्या विटांमध्ये फास्टनर ठोकले की वीट फुटते, आणि कोपिंग म्हणजे जेमतेम दोन इंचाचं काँक्रीट, त्याच्यावर बेसप्लेट ठोकून भरवसा ठेवू नका.

कॉलम नसतील तर मी भिंतीला हातच लावत नाही. आतल्या बाजूने, भिंतीपासून थोडं अंतर सोडून, ८-८ फुटांवर लोखंडी खांब, प्रत्येकाला अडीच-तीन फुटाचा खड्डा आणि नीट काँक्रीट, आणि भिंतीच्या वर येणाऱ्या भागात जाळी. खड्डे एकाआड एक घ्यायचे, सगळे एकदम खणले तर भिंतीचा पाय उघडा पडतो. भिंत तिच्या जागी, जाळी तिच्या पायावर, उद्या एक काढायची झाली तर दुसरी पडत नाही. दिसायला थोडं वेगळं दिसतं, पण त्यावर मधुमालती सोडा, दोन पावसाळ्यांत समोरचं पार्किंग दिसणार नाही. वेल दाट झाला की तोही वारा धरतो, म्हणून वर्षातून एकदा छाटायचा.

परमिशनचं म्हणाल तर तुमच्या भागातल्या लायसन्स इंजिनिअरला घेऊन बांधकाम परवानगी विभागात साधा नकाशा दाखवून विचारा आणि जे सांगतील ते लेखी घ्या.

प्रश्न (ठाणे): आमच्या सोसायटीची मागची भिंत साधारण ७ फूट आहे, आमच्या बाजूने माती ४ फूट वर आहे म्हणजे आतून फक्त ३ फूट दिसते. बाहेर खाली मोकळा प्लॉट होता, तिथे आता काम सुरू आहे आणि पोरं आमच्या बाजूने भिंतीवर चढून बसतात म्हणून कमिटीने वर ६ फूट पत्रे लावायचा ठराव केलाय. भिंतीला एका ठिकाणी थोडं पोट आलंय पण ते जुनं आहे असं सेक्रेटरी म्हणतात. मला एकट्यालाच हे बरोबर वाटत नाहीये.

उत्तर: तुम्ही एकटे असलात तरी बरोबर आहात. हे पत्र मी तीनदा वाचलं.

पहिलं म्हणजे तुमची ती कंपाउंडची भिंत नाहीच. एका बाजूला चार फूट माती असलेली भिंत ही माती अडवणारी भिंत असते, तिचं डिझाइन वेगळं, पाया वेगळा, जाडी वेगळी. बहुतेक ठिकाणी होतं असं की भिंत बांधतात कंपाउंड म्हणून आणि नंतर बागेसाठी, पार्किंगसाठी आतून भराव टाकत जातात, भिंतीला कोणी विचारलेलंच नसतं. पावसात ती माती पाणी पिते, पाणी जायला भिंतीत भोकं नसतील तर मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिळतो आणि भिंतीला पोट येतं. "पोट जुनं आहे" ह्याचा अर्थ एवढाच की ती बऱ्याच दिवसांपासून सांगतेय.

त्यावर ६ फुटी पत्रे म्हणजे शिडाच्या होडीसारखं झालं. दहा फूट लांब आणि सहा फूट उंच पत्र्यावर मुंबई-ठाण्याच्या वाऱ्याच्या हिशोबाने साडेसहाशे किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो सगळा भिंतीच्या डोक्यावर.  

आणि खाली काम सुरू आहे हे तुम्ही पत्राच्या मधेच सहज लिहून गेलात पण सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. २९ जून २०१९ च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. चारच दिवसांत मालाडला पिंपरीपाड्यात भिंत पडली, तिथे त्याहून जास्त. त्याच वर्षी २ डिसेंबरला तामिळनाडूत मेट्टुपालयमला वीसेक फुटी भिंत घरांवर पडून १७ जण गेले. तिन्ही ठिकाणी पाऊस, तिन्ही ठिकाणी रात्र किंवा पहाट, आणि तिन्ही ठिकाणी मेली ती भिंतीच्या पलीकडची माणसं, ज्यांचा त्या भिंतीशी काही संबंध नव्हता. तुमच्या भिंतीखाली आत्ता मजुरांच्या झोपड्या आहेत का ते आज संध्याकाळी वरून वाकून बघून या. असतील तर ठराव राहू दे बाजूला, आधी साइटच्या माणसाला आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा की भिंत फुगलेली आहे, झोपड्या हलवा.

मग स्ट्रक्चरल इंजिनिअर, रजिस्टर्ड, ज्याची सही चालते असा. कॉन्ट्रॅक्टरचा ओळखीचा सुपरवायझर नव्हे. तोपर्यंत आतल्या बाजूला भिंतीलगत गाड्या लावू नका, वाळू-विटा रचू नका, बागेचं पाणी त्या पट्ट्यात बंद, आणि पोट आलेल्या जागी काचेची पट्टी चिरेवर आडवी चिकटवून तारीख लिहून ठेवा, पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून चालतेय, त्या दिवशी ताबडतोब फोन करा. पोरांना अडवायचंच असेल तर भिंतीपासून पाच-सहा फूट आत साधी चेनलिंकची जाळी उभी करा, भिंतीपर्यंत पोचायलाच नको कोणी. आणि मीटिंगमध्ये तुमचा विरोध मिनिट्समध्ये लिहून घ्यायला सांगा. लोक चिडतील, चिडू देत.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मधली भिंत वडिलांच्या वेळेपासून सामाईक, ४ फूट. गेल्या महिन्यात त्यांनी आम्हाला न विचारता वर अँगल मारून ६ फूट हिरवे पत्रे लावले. आमच्या स्वयंपाकघरात दुपारी लाइट लावावा लागतोय. भांडण करायचं नाही, पण काय करता येईल?

उत्तर: ताई, भांडण करायचं नाही असं म्हणताय म्हणून आधी तेच सांगतो, चहाला बोलवा. खरंच. दहातल्या पाच वेळा त्यांच्या डोक्यात काहीतरी वेगळंच असतं, तुमचा कॅमेरा त्यांच्या न्हाणीकडे वळलेला असतो किंवा तुमच्या पोराचा बॉल. कारण कळलं तर पत्र्याऐवजी जाळी आणि वेल ह्यावर तडजोड होते.

नाही झाली तर तुमच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. सामाईक भिंत म्हणजे दोघांची, तिच्यात भोकं पाडून एकट्याने बोजा चढवायचा नसतो. ४ आणि ६ मिळून १० फूट, तेही भरीव, हे २.४ मीटरच्या बाहेर आहे. टेप लावून, टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा आणि महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज द्या, पोच घ्या. उजेडाबद्दल १८८२ चा सुखाधिकार कायदा आहे, खिडकीतून वीस वर्षं बिनहरकत उजेड-वारा येत असेल तर तो हक्क बनतो, पण ते दिवाणी कोर्टाचं काम आणि सावकाश चालणारं, म्हणून वकिलाकडे जायच्या आधी बाकीचं करून बघा. आणि भिंत नक्की सामाईक आहे की कोणा एकाच्या हद्दीत हे तोंडी नको, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून नकाशा हातात घ्या. मी अशा मोजणीत अर्जदाराचीच भिंत दीड फूट पलीकडे निघालेली पाहिलीय, तेव्हा जरा तयारीने जा.

वळवाचा पाऊस सुरू झालाच असेल तुमच्याकडे, तोपर्यंत पत्र्याखाली कपडे वाळत घालू नका, पोरं खेळू देऊ नका. त्या अँगलना आडवा आधार दिलाय का बघा, नुसते उभे चार अँगल असतील तर ते काही खरं नाही.

प्रश्न (रत्नागिरी तालुका): आमचा जुना चिऱ्यांचा गडगा आहे, कंबरेएवढा, मातीत रचलेला. वानरं फार झालीत, काही ठेवत नाहीत. वर चार चिरे अजून लावले तर थांबतील का?

उत्तर: काका, वानर दहा फुटाच्या भिंतीवर बसून तुमचाच आंबा खात तुमच्याकडे बघेल. उंची वाढवून गुरं थांबतात, वानर नाही. आणि मातीत रचलेल्या गडग्यावर चार थर चढवले तर पहिल्याच जोराच्या पावसाला माती धुपून वरचे चिरे पाणंदीत. जांभ्याचा चिरा चांगला पंचवीस-तीस किलोचा, पाणंदीतून पोरं शाळेत जातात. गडगा आहे तसा राहू दे, ढासळला असेल तिथे सारखा करून घ्या, तो पाणी आरपार जाऊ देतो म्हणूनच इतकी वर्षं टिकलाय.

प्रश्न (चंद्रपूर जिल्हा): शेताला चार फुटी काटेरी तारेचं कुंपण आहे, रानडुकरं खालून घुसतात, रोही (नीलगायी) वरून उडी मारतात. वर अजून दोन तारा ओढून रात्रीपुरता लाइनचा करंट सोडला तर? आजूबाजूचे सगळे सोडतात.

उत्तर: नाही. दादा, ह्याच्यात "रात्रीपुरता" असं काही नसतं. लाइनचा करंट अखंड असतो, हात आखडतो, तार सुटत नाही. दर हंगामात आपल्याकडे असे जीव जातात आणि बहुतेक वेळा जातो तो स्वतः मालक किंवा घरातला कोणी, पहाटे मोटर चालू करायला अंधारात गेलेला, करंट बंद करायला विसरलेला. दुसऱ्याचा जीव गेला तर सदोष मनुष्यवध लागतो, वाघ-बिबट्या गेला तर वन्यजीव कायदा, आणि आकडा टाकलेला असेल तर वीजचोरी वेगळी.

चालतं ते झटका मशीन, आयएसआयवालं. फरक समजून घ्या. ते व्होल्ट हजारांत देतं पण एका क्षणापुरतं, सेकंदाला फार तर एक ठोका, आणि ठोक्याची ताकद प्रमाणित मशीनमध्ये ५ ज्यूलच्या आत बांधलेली असते. मधल्या वेळात तारेत काही नसतं म्हणून जनावर झटका खाऊन मागे पळतं, चिकटून राहत नाही. गावातला इलेक्ट्रिशियन "मी स्वस्तात बनवून देतो" म्हणाला तर हात जोडा.

पण काटेरी तारेत झटका सोडायचा नाही, काट्यात अडकलेला जीव सुटत नाही. झटक्याची साधी तार वेगळी, इन्सुलेटरवर, काटेरी कुंपणाच्या आतून. डुकरासाठी उंची वाढवून काय उपयोग, ते खालून येतं, त्याच्यासाठी एक तार जमिनीपासून आठ-दहा इंचावर, रोह्यासाठी वरच्या दोन. अर्थिंगचे रॉड नीट ओल्या जागी खोल, गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो म्हणून पंधरा दिवसांनी एकदा खालचं गवत काढायचं, आणि रस्त्याच्या बाजूला पिवळ्या पाट्या. वन विभागाच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान असतं, तुमचं गाव बसतं का ते वनरक्षकाला विचारा. आणि वरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर तिच्याखाली खांबाची उंची वाढवूच नका. लाइन आणि कुंपण ह्यात किती अंतर लागतं ते आधी महावितरणला विचारा. कुंपणाच्या तारा ओढताना सुटलेली तार स्प्रिंगसारखी उडते आणि वर जाऊन टेकते, हे काम महावितरणच्या माणसाला सांगून, लाइन बंद ठेवूनच.

प्रश्न (स्लाउ, इंग्लंड): इकडे मागच्या अंगणाला ६ फुटी लाकडी फेन्स आहे, वर २ फूट ट्रेलिस लावायचं म्हणतोय. भारतातून आई-बाबा येतायत आणि शेजाऱ्यांचा कुत्रा उडी मारतो. परमिशन लागेल का?

उत्तर: लागेल. तिकडे २ मीटरपर्यंत, म्हणजे साडेसहा फुटाला, विचारावं लागत नाही, त्यावर गेलं की प्लॅनिंग परमिशन, आणि गाड्यांच्या रस्त्यालगत असेल तर ती मर्यादा १ मीटरच. ट्रेलिस जाळीदार आहे म्हणून मोजत नाहीत असा आपल्या लोकांचा समज आहे, मोजतात. खाली ग्रॅव्हल बोर्ड, म्हणजे फेन्सच्या बुडाशी आडवी फळी, टाकून वर उचललंत तरी उंची जमिनीपासूनच. फेन्स शेजाऱ्यांची असेल तर त्यांच्या लेखी होकाराशिवाय एक स्क्रू सुद्धा मारू नका. मी असतो तर कुत्र्यासाठी आतून एक झुडपांची रांग लावली असती, उडी मारायला त्याला पळायची जागाच राहत नाही, आणि आई-बाबांना पण बरं वाटेल.

प्रश्न (नाशिक): भिंत नियमात राहून वाढवली, वर ग्रिल केलं, सगळं इंजिनिअरला दाखवून. आता काचा बसवू का? आणि जुनं स्लायडिंग गेट ठेंगणं दिसतंय, त्यालाच वर पत्रा वेल्ड करून घेतोय.

उत्तर: काचा नको. चोर गोणपाट टाकून येतो, आणि कापून घेतं ते मांजर, नाहीतर पतंग काढायला चढलेलं पोरगं.

गेटचं मात्र थांबा जरा, वेल्डर आला असेल तर चहा देऊन परत पाठवा. स्लायडिंग गेट खाली दोन चाकांवर आणि वर फक्त गाइडच्या रोलरवर उभं असतं. उंची वाढवली की वजन वर जातं, जुन्या गाइडचा रोलर आता गेटच्या मधोमध येतो, आणि पत्रा असल्यामुळे वारा पूर्ण धरतं. चाकं जुनी, रुळात खडी अडकलेली, वॉचमनने हिसका दिला की गेट रूळ सोडतं आणि सरळ त्याच्या अंगावर येतं. ह्या गेटांनी वॉचमन आणि लहान मुलं गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतात, आणि खूप वेळा कारण एवढंच असतं की टोकाला स्टॉपर नव्हता, गेट ढकलता ढकलता गाइडच्या बाहेर गेलं. त्यामुळे वाढवायचं असेल तर पत्रा नको, वर उभ्या सळया, गाइडचा खांब नवीन उंचीपर्यंत वाढवून त्याला जोड रोलर, चाकं नवीन वजनाची, आणि दोन्ही टोकांना काँक्रीटमध्ये धरलेले स्टॉपर, नुसता टॅक मारलेला अँगलचा तुकडा नव्हे. आज गेट पूर्ण उघडून टोकापर्यंत नेऊन बघा ते कशाला अडतंय. कशालाच अडत नसेल तर स्टॉपर बसेपर्यंत मुलांना गेटवर लोंबकळून झोके घेऊ देऊ नका, आणि वॉचमनला पण समोर उभं राहून ओढायला सांगू नका, बाजूने ढकलू दे.